खंडेनवमीला रेड डॉटवर कुंकू

मंडळी, सकाळपासून डोकं सणकलंय. म्हणून इथे लिहितोय.

घराच्या सुरक्षेसाठी म्हणून पिस्तूल घेतलं होतं. त्यावर बसवायला रेड डॉट साइट हवी होती, म्हणजे काचेत लाल ठिपका दिसतो आणि नेम धरता येतो. महागड्या सोडून, ढीगभर रिव्ह्यू वाचून एक परवडणारी निवडली. काल स्क्रूचं तेल नीट पुसलं, ते ढिले होऊ नयेत म्हणून थ्रेडलॉकर लावलं, काच चकचकीत केली. फार शहाणा वाटलो स्वतःला.

आज खंडेनवमी. नागपूरहून इकडे परदेशात आमच्याकडे आलेल्या आईनं पूजेला लॅपटॉप, गाडीची किल्ली, विळी मांडली. रिकामं पिस्तूल मीच नेऊन ठेवलं. आईनं ओलं कुंकू घेतलं आणि नेमकं त्या काचेवर टेकवलं.

मी खेकसलोच. "आई, अगं काच आहे ती! आता ठिपका कसा दिसणार?"

"शस्त्राला कुंकू नको लावू तर कशाला लावू?"

तेवढ्यात माझी सात वर्षांची लेक स्कूलबॅग घेऊन आली. "आजी, माय बॅग टू! लॉकडाऊन ड्रिलला वी होल्ड इट लाइक धिस." आणि तिनं बॅग छातीशी घट्ट धरून दाखवली.

आईनं कौतुकानं बॅगेला कुंकू लावलं. मग मला विचारलं, "ड्रिल म्हणजे काय रे?"

मी खाली मान घालून काच पुसत बसलो.

शाळेत कुणी बंदूक घेऊन घुसलं तर लपून बॅगेची ढाल करायची ही तालीम, हे तुम्ही आपापल्या आईला कसं सांगितलंत? की तुम्हीही काचच पुसताय?