मेडोज म्हणजे कुरण

"अर्थ सांगा आधी," असं म्हणत काका हातातला पाण्याचा पाइप खाली ठेवायचे आणि पाटीकडे बोट दाखवायचे. अर्थ कळल्याशिवाय ते कुठल्याही जागेचं नाव तोंडात घेत नसत.

दुबईतल्या बागकामाच्या एका कंपनीत मी ऑफिसात होतो आणि ते माळी, राजापूरकडचे. तुम्ही दुबईला गेला असाल तर तिथल्या वसाहतींची इंग्रजी नावं तुमच्याही कानावर पडली असतील. स्प्रिंग्ज, लेक्स, मेडोज. राहणारे ही नावं पत्त्यात लिहितात, टॅक्सीवाल्याला सांगतात, आणि अर्थाच्या वाटेला कुणी जात नाही. मी एकदा घरी हा विषय काढला तर माझी मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ नेम."

काकांना हे पटलं नसतं. स्प्रिंग्ज म्हणजे झरे, असं मी सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "झरे? अहो साहेब, पाण्याचा टायमर बंद केला की खलास!" मेडोज म्हणजे कुरण हे ऐकल्यावर मात्र ते हसले नाहीत. पाटीकडे बघत म्हणाले, "हे नाव खरं आहे. इथलं गवत मी लावलंय."

ते खोटं नव्हतं. तिथल्या कितीतरी बंगल्यांपुढची हिरवळ त्यांच्या हातची होती. वाळूवर माती पसरायची, गवताचे ठोंब एकेक करून बसवायचे आणि भर उन्हाळ्यात ते जगवायचे, यात त्यांची चौदा वर्षं गेली होती. पुढे पुढे आज कुठे काम म्हणून विचारलं की उत्तर यायचं, "आज झऱ्यावर, उद्या कुरणात." त्यांचा मल्याळी सुपरवायझरसुद्धा पिकअपमधून ओरडायचा, "यल्ला, कुरणवाला, जल्दी!"

नोकरी संपवून ते कायमचे गावी निघाले तेव्हा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. ऑफिसातले आणखी दोघं होते. जेवण झाल्यावर काकांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर ठळक अक्षरात 'मेडोज' लिहिलं होतं.

"साहेब, गावाला घर बांधलंय. दाराशी संगमरवरी पाटी लावायची आहे. हे नाव चालेल का? इंग्लिश स्पेलिंग तेवढं लिहून द्या."

चार माणसांत विनोद करायची मला खोड आहे. मी म्हटलं, "काका, तुमचं घर कातळावर. तिथे गवताची काडी उगवत नाही आणि मेडोज कसलं?"

सगळे खो खो हसले. काकाही हसले. "बरोबर आहे साहेब," म्हणत त्यांनी कागदाची घडी घातली आणि परत खिशात ठेवली. स्पेलिंग लिहून द्यायचं राहूनच गेलं. नंतर एकदा फोनवर मी विचारलं, "घराला नाव काय ठेवलंत?"

"ठेवू, इन्शाल्ला. थोडं काम बाकी आहे."

बांधकामाचं काही असेल, असं मला वाटलं. ते गावी गेल्यावर दीड वर्षातच त्यांच्या गावच्या एका सहकाऱ्याकडून कळलं की काका हृदयविकाराच्या झटक्याने गेले.

मे महिन्यात सुट्टीवर आलो तेव्हा मुद्दाम त्यांच्या गावी गेलो. गावाभोवतीचा कातळाचा सगळा सडा करपून काळा पडला होता. काकांच्या दारात मात्र दोन खाटा मावतील एवढी हिरवीगार हरळी होती. दाराशेजारच्या भिंतीत पाटीपुरती चौकोनी जागा सोडलेली होती, तशीच रिकामी.

"नदीवरून डोक्यावर माती आणली ह्यांनी," काकू सांगत होत्या. "कातळावर गवत लावतो म्हणून गाव हसायचं. दोनदा जळलं, तिसऱ्यांदा धरलं. मी म्हणायची, पाटी लावा आता. तर म्हणायचे, साहेब एकदा बघून जाऊ देत."

माझी चेष्टा त्या माणसाने अट समजून पाळली होती. तिथे, त्यांच्या दारात, मला माझी भयंकर लाज वाटली. चप्पल काढून मी त्या गवताच्या कडेला उभा राहिलो. आत पाय टाकायचा धीर होईना.

काकू पदराला हात पुसत जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बघितलंत ना साहेब? आता चालेल का ते नाव?"