डोक्यावरून पदर घेतलेली बाई

नवरा गेल्यावर देवगडजवळच्या वाडीतली मथुरा चुलतभावाच्या ओळखीने बहारीनला आली आणि तिथल्या एका संग्रहालयात साफसफाईच्या कामाला लागली. शहरातल्या झिंज भागातल्या तिच्या खोलीत अजून तिघी होत्या, पण मथुराचं बोलणं जणू आटूनच गेलं होतं. विचारलं तेवढ्याचं उत्तर, की गप्प.

त्या थंडीत संग्रहालयात ग्रीसहून प्रदर्शन आलं. भाजलेल्या मातीच्या, वीतभर उंचीच्या बायका आणि देव्या, दोन हजार वर्षांहून जुन्या. कुणाच्या हातात पंखा, कुणाच्या मांडीवर मूल. एकीने डोक्यावरून पदर घेतला होता, आणि कुणीतरी हाक मारल्यासारखी ती किंचित मागे वळली होती. गालावर गुलाबी रंगाचा पुसट अंश अजून होता. काच पुसता पुसता मथुरा तिच्यापाशी रेंगाळायची.

दुपारी दालन रिकामं झालं की समुद्रावरचा उजेड आत येऊन जमिनीवर हलत राही. अशाच एका दुपारी तिच्या तोंडून आपसूक निघालं, "काय गो, सकाळधरना उभी आसस, पाय दुखणत नाय?"

स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. मग मात्र रोज बोलू लागली. नवऱ्याच्या होडीचं सांगितलं, होडी रिकामी परतली त्या दिवसाचंही सांगितलं. बोलताना तिला वाटे, काचेमागच्या साऱ्याजणी हातातली कामं टाकून ऐकताहेत आणि दालनभर ओल्या वाळूचा वास पसरलाय.

एकदा मागे पावलं वाजली. तिथल्या अधिकारी खदिजाबाई उभ्या होत्या. मथुराच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"किससे बात करती है?" त्यांनी हळूच विचारलं.

"इस बाई से, मॅडम. कौनसी देवी है ये?"

"मालूम नहीं. देवी होगी, औरत होगी. किसी की कबर में मिली." खदिजाबाई काचेजवळ सरकल्या. "मेरी माँ गई, तब मैं समंदर से बात करती थी."

मग त्यांनी खाली पडलेलं फडकं उचलून मथुराच्या हातात दिलं.

प्रदर्शन संपलं. मूर्ती बांधताना खदिजाबाईंनी मथुराला मुद्दाम बोलावून घेतलं. पेटीचं झाकण लागायच्या आधी मथुरा वाकून म्हणाली, "सांभाळून जा गो. पोचलंस की कळय."

संध्याकाळी खोलीवर तिघींतली नसीमा चहा ओतत होती. मथुरा तिच्याजवळ जाऊन बसली आणि आपण होऊन सांगू लागली. चहा निवून गेला, तरी तिचं सांगणं चालूच होतं.