कचराच्या वयाचा कागद

ती घटना आजही आठवली की मला बसल्या जागी बसवत नाही.

इंग्रजी अंमल होता. गोंदियाच्या पूर्वेला, रेल्वेलगतच्या एका जंगली ठाण्यात मी ठाणेदार होतो. त्या काळी जन्म-मृत्यूची नोंद ठाण्यातच होई. बाजाराच्या दिवशी गावोगावचे कोतवाल पुस्तके घेऊन येत आणि आमचा मोहरीर, म्हणजे ठाण्याचा कारकून, ती मोठ्या रजिस्टरात उतरवी. तारीख, गाव, बापाचे नाव, मुलगा की मुलगी. बाळाचे नाव नसे, कारण तोवर बारसेच झालेले नसे. कोणी नक्कल मागितली की मी सही ठोकत असे. वाचत नसे, हे आज कबूल करतो.

अशाच एका बाजाराच्या दिवशी एक कोतवाल एका विधवेला घेऊन आला. दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, चहाच्या मळ्याचा मुकादम हिची पोरगी घेऊन गेला जी. आज आसामले धाडून राहिला."

बाई मध्येच कडाडली, "बारा वर्साची आहे माही पोरगी! महूची फुलं वेचाले गेली होती. लुगडं दाखवून नेलं तिले!"

सोळाच्या आतले मूल आईबापाशिवाय मळ्यावर पाठवता येत नसे. मी मिळेल त्या गाडीने बाईला घेऊन गोंदिया गाठले. आसामकडे नेणारी कलकत्त्याची गाडी यायला दोन तास होते. भरतीच्या डेपोत पोरगी नवे लुगडे सावरत बसली होती. आईला पाहताच रडू लागली.

मुकादमाने शांतपणे एक कागद पुढे केला. "हुजूर, सोलह पूरे हैं. कागज तो आपके ही थाने का है."

गाव तेच, बाप तोच, मुलगी, जन्मतारखेवरून वय सोळा पूर्ण. खाली माझी सही. बाप मेलेला, पोरीला स्वतःचे वय ठाऊक नाही, आणि आईच्या शब्दापेक्षा माझ्या सहीला वजन.

"तुझं नाव काय गं?" काहीतरी विचारायचे म्हणून मी विचारले.

"कचरा."

मी थबकलो. आमच्या भागात पहिल्या लेकीला कोणी कचरा म्हणत नाही. आधीचे मूल दगावले, की पुढचे तरी देवाने टाकाऊ समजून सोडावे म्हणून असे नाव ठेवतात.

"बाई, हिच्या आधी कोणी होतं?"

ती खाली बघत म्हणाली, "एक होती जी. सवा महिन्याची गेली. आता थे कायले काढता?"

मी धावत स्टेशनवर गेलो आणि मोहरीराला तार केली. मृत्यूचे रजिस्टर काढ, मग पुढची चार-पाच वर्षे जन्माचे बघ. फलाटावर मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. सिग्नल पडला तेव्हा उत्तर आले. थोरली सवा महिन्यात मृत. त्याच बापाला चार वर्षांनी दुसरी मुलगी.

डेपोत परतून मुकादमाला एवढेच विचारले, "नक्कल मागताना साल कोणी सांगितलं होतं?" त्याचा चेहरा उतरला. ते त्यानेच सांगितले होते. मेलेल्या मुलीचा जन्म शोधून त्याने जिवंत मुलीच्या नावावर खपवला होता. गाडी कचराला न घेता गेली.

पुढे मी कुठल्याही नकलेवर सही करण्याआधी घरातली जिवंत आणि मेलेली, दोन्ही मुले विचारत असे. लोक वैतागत. कागदावरून माणूस ओळखू येत नाही, एवढे मला कळले होते, पण उशिरा.

कारण त्याच मुकादमाने त्या उन्हाळ्यात अशाच आणखी नकला नेल्या होत्या आणि त्या मुली केव्हाच आसामला पोचल्या होत्या. मी मळ्यावर पत्रामागून पत्र धाडले. शेवटी एक उत्तर आले. चौकशी केली, तक्रारीत तथ्य नाही, आपल्याच ठाण्याच्या सहीप्रमाणे सर्व मुलींचे वय सोळा पूर्ण आहे.