रुळांपलीकडची चूल

धारच्या बाहेर रेल्वेचं नवं स्टेशन उभं राहायला लागलं तेव्हा आमच्या प्लॉटाभोवती नुसती काळी माती होती. वस्तीची सुरुवात केली ती डही गावाकडून आलेल्या एका बाईने. तिचा नवरा रुळांच्या कामावर मजूर. तिने ताडपत्री ताणून चूल मांडली आणि मजुरांना चहा द्यायला लागली. चहाला माणसं थांबतात म्हणून शेजारी पंक्चरवाला बसला, मग किराणा आला, रिक्षा उभ्या राहायला लागल्या. आमचं घर बांधून होईपर्यंत आम्ही पाणी तिच्याच पिंपातलं प्यायलो.

पुढे घरं वाढली, कॉलनीची समिती झाली. आमचे हे निवृत्त मास्तर, म्हणून अध्यक्ष झाले. चाचणीची गाडी येणार, मोठे साहेब येणार, तेव्हा रस्ता साफ हवा असं ठरलं.

त्या सकाळी मी दारात रांगोळी काढत होते. ट्रॅक्टर आला. हे ड्रायव्हरला म्हणाले, "भिया, पहले ये टपरी उठाओ."

ती धावत माझ्याकडे आली. "भाभीजी, आप तो बोलो इनसे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघालं, "एक दिन की तो बात है."

तिने स्वतःच भांडी गोळा केली. चुलीच्या विटा ट्रॉलीत पडल्या.

गाडी आली, हार घातले गेले. भाषणात ह्यांनी सांगितलं, ही वस्ती आम्ही शून्यातून उभी केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी त्या जागेवर कुंड्या मांडल्या गेल्या.

"तिला जागा द्यायला हवी," मी ह्यांना म्हटलं.

"समितीचा निर्णय आहे, माझा एकट्याचा नाही." ह्यांनी पेपर उलटला.

शेवटी मीच तिला शोधत गेले. रुळांपलीकडे, मजुरांच्या झोपड्यांजवळ, तिची नवी चूल पेटलेली होती.

"हमारी दीवार से लगके लगा लो," मी म्हटलं.

ती पातेलं घासत राहिली. "नहीं भाभीजी. यहीं ठीक है."

आवाजात राग नव्हता. असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

आता रिक्षावाले तिकडेच थांबतात. किराणाही तिकडे हलला. दूध आणायला मला तिच्यासमोरूनच जावं लागतं. मी पदर सारखा करते आणि खाली बघत पुढे होते.