ऐंशीच्या पुढची थरथर

गाडी ऐंशीपर्यंत शहाण्यासारखी वागायची. समोरच्या पडद्यावर ऐंशीचा आकडा ओलांडला की सीटमधून थरथर सुरू व्हायची. आधी खिशात मोबाईल वाजावा तशी, आणि नव्वदला पिठाच्या गिरणीला टेकून बसल्यासारखी. धड पाठीच्या माणसाने गाणी लावून दुर्लक्ष केलं असतं. पण त्या सीटवर माझी बायको बसायची, आणि तिच्या मणक्यात गाठ होती.

आम्ही राहतो मुळशी धरणाजवळ. शांततेसाठी इथे आलो. ती भरपूर मिळाली, इस्पितळ मिळालं नाही. तिचे उपचार जवळच्या शहरात होत नव्हते, ते द्रुतगती मार्गाच्या पलीकडच्या टोकाला, नव्या मुंबईत. हळू जावं तर प्रवास लांबतो आणि तिला तेवढा वेळ बसवत नाही. वेगात जावं तर गाडी हाडं हलवते. भाड्याच्या गाड्या करून पाहिल्या, त्यांच्या सीट तिला हव्या तेवढ्या मागे कलत नव्हत्या.

भाताच्या आवणीच्या दिवसांतल्या एका फेरीनंतर ती घराच्या दारात चौकट धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, पुढच्या वेळी येते, ते शेवटचं. मग नाही. डॉक्टरांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

आवाज चढवला असता तर निदान मला भांडता आलं असतं.

दुसऱ्याच दिवशी मी पुन्हा सर्व्हिस सेंटर गाठलं. मारुंजीच्या बाजूला त्यांचा काचेचा महाल आहे. गाडी घेतली तेव्हा इथेच तिच्यावर लाल मखमल घालून ठेवली होती आणि ती ओढायचा मान आम्हा दोघांना दिला होता. टाळ्या वाजल्या. एखाद्या दिवंगत पुढाऱ्याच्या पुतळ्याचं अनावरण केल्यासारखं वाटलं. अशा वास्तूत चिखलाची गाडी नेणं निषिद्ध. आधी तिला वर उचलून खालून-वरून जोरदार फवाऱ्याने आंघोळ, मग आजाराची चौकशी. "आमची पद्धतच आहे सर ती," तिथला सल्लागार म्हणाला. देवळातही पाय धुऊनच आत जायचं असतं, म्हणून मी किल्ली दिली.

मग त्यांनी नेहमीचं सगळं केलं. चाकांचं बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झाली, सॉफ्टवेअर नवं घातलं. सल्लागार मला शेजारी बसवून बायपासवर घेऊन गेला. गाडी शंभरच्या वर गेली आणि तळ्यातल्या पाण्यासारखी स्थिर राहिली.

"सर, काही फील होतंय?"

"नाही."

"मॅमना होत असेल. ईव्हीला इंजिनचा आवाज नसतो ना, मग बारीकसारीक पण जाणवतं. थोडं सायकॉलॉजिकल असतं."

हे तो इतक्या सौजन्याने म्हणाला की मला रागावताही येईना. याआधीही असंच झालं होतं: त्यांच्या हातात गाडी निरोगी, आमच्या हातात पुन्हा आजारी.

घरी आलो तर शेजारचे शेतकरी खाचराच्या बांधावर उभे होते. त्यांना गाडीचं दुखणं ठाऊक होतं.

"काय म्हनत्यात, सर?"

"म्हणतात, मनाचे खेळ आहेत."

"म्हंजी नजरच की! आमी कवापासनं तेच सांगतुया. लिंबू उतरवा. न्हाई गुण आला तर सरबत करा."

अशा गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलो आहे. लिंबू उतरवलं. बायको खिडकीतून पाहत होती. ती हसली नाही, तेव्हा मला आमची अवस्था कळली.

ठरलेल्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे मी नळीने गाडी धुतली. चाकांवरच्या सपाट झाकण्या लखलखीत केल्या. द्रुतगती मार्गाला लागेपर्यंत बायको डोळे मिटून होती. ऐंशी झाले. पंच्याऐंशीला तिने दारावरची धरायची मूठ पकडली. मी वेग कमी केला, तर मागच्या ट्रकने भोंगा वाजवला.

"थांबवा," ती म्हणाली.

दिवे लुकलुकते ठेवून कडेला घेतली. ती आवाज न करता रडत होती. तिचं दार उघडायला वळसा घालून गेलो आणि वाटेत आलेल्या मागच्या चाकाला लाथ मारली. दुसऱ्या कुणाला मारणार?

चाकाच्या आतून थप्प करून काहीतरी खाली पडलं. जाड भाकरीएवढा वाळक्या चिखलाचा पोपडा, त्यात भाताच्या रोपाची मुळं अडकलेली.

मी वाकून चाकाच्या आतल्या बाजूने झाकणीमागे हात घातला. आत अजून चिखल होता, एकाच बाजूला थापलेला, विटेसारखा कडक. चिखलणीचे ट्रॅक्टर लोखंडी चाकांनिशी खाचरातून निघून आमच्या रस्त्यावर येतात आणि अर्धं शेत तिथेच सांडतात. त्यातून गाडी घरी यायची. ओला चिखल उभ्या गाडीच्या चाकात तळाशी उतरायचा आणि वाळून चाकाची एकच बाजू जड करायचा. माझी नळी झाकणीपाशीच थांबायची. आणि त्या महालात आधी आजार धुऊन टाकायचे, मग नाडी बघायचे.

छत्रीच्या टोकाने मी खरवडू लागलो. ट्रक जाताना गाडी हलायची, मीही.

"काय करताय?" तिने काच खाली करून विचारलं.

"माती आहे. चाकात माती आहे."

"लवकर करा. बसवत नाहीये मला."

चारी चाकं झाली. बोटं सोलली होती. निघालो. ऐंशी. पंच्याऐंशी. नव्वद. स्टिअरिंग माझ्या हातात निमूट होतं. तिला विचारायचा धीर होईना. दुखणं काही गेलं नव्हतं, ओठ आवळलेलेच होते. पण मूठ तिने सोडली होती.

बोगद्यातून बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "पुढची तारीख सकाळची मागा. दुपारी घाटात ट्रक फार असतात."