चूकवही

क्लबात त्यांना सगळे थांबामास्तर म्हणत. खरं तर ते कुठल्याच शाळेत मास्तर नव्हते. अवजारांच्या कारखान्यात फिटर होते. आमच्या नेमबाजी क्लबातल्या दोन जुन्या एअर रायफली दुरुस्त करायला म्हणून एका शनिवारी आले आणि एकतीस वर्षं राहिले.

रेंजवर नेमबाजी थांबवायची असली की त्यांचा एकच शब्द असे, "थांबा!" तो कानावर पडला की चापावरचं बोट काढायचं, रायफल टेबलावर ठेवायची, नळीत नारिंगी दोरा घालायचा आणि दोन पावलं मागे व्हायचं. दोरा नळीच्या दोन्ही टोकांना बाहेर दिसला म्हणजे आत छर्रा नाही. बाराही लेनवरचे दोरे दिसल्याशिवाय मास्तर कुणाला टार्गेटकडे पाऊल टाकू देत नसत. स्वतःही टाकत नसत. आवाज असा की मुलीच्या लग्नात मागे मागे सरकत पायरीवरून पडायला आलेल्या फोटोवाल्याला त्यांनी "थांबा!" म्हटलं, तर नवऱ्या मुलासकट सगळं सभागृह जागच्या जागी थिजलं. व्याही नंतर म्हणाले, "मला वाटलं, लग्नच मोडलं."

पण त्यांची खरी कमाई म्हणजे चूकवही.

ही वही त्यांनी पहिल्याच वर्षी सुरू केली. रेंजवर कुणाकडूनही चूक झाली की ती वहीत लिहायची. तारीख, लेन, काय झालं, खाली सही. रायफल हातात धरून मागे वळला. दोरा घालायला विसरली. "थांबा" ऐकल्यावरही एक छर्रा सोडला. नियम असा की आपली चूक आपण होऊन लिहिली तर शिक्षा नाही. लपवली आणि दुसऱ्याने दाखवली तर आठवडाभर रेंज बंद. त्यामुळे लहान मुलंसुद्धा धावत येऊन लिहीत. पंचवीस-तीस जणांच्या ओळी वाचल्या की कुठे काय बिघडतंय ते मास्तरांना समजे. सात आणि आठ नंबरच्या लेनवर मुलं फार वळतात, हे वहीवरूनच कळलं. मग तिथलं दार त्यांनी बंद करून दुसऱ्या भिंतीत काढलं. एकतीस वर्षांत सत्तावीस वह्या भरल्या आणि आमच्या रेंजवर कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मी क्लबाचा चिटणीस. पत्रव्यवहार, सभेची इतिवृत्तं आणि परवान्याचं नूतनीकरण ही माझी कामं. दर पाच वर्षांनी परवाना समितीकडे अर्ज जायचा आणि दोन आठवड्यांत शिक्का मारून परत यायचा. या वेळी तसं झालं नाही.

त्या वर्षी शहरातल्या एका दुकानात एका माणसाने पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. तिघं गेले. त्या माणसाचा आमच्या क्लबशी, किंबहुना कुठल्याच क्लबशी, काडीचा संबंध नव्हता. पण लोकांना ते कसं सांगणार? पुढच्या सोमवारी शेजारच्या शाळेने शनिवारची तुकडी बंद केली. मुख्याध्यापिका फोनवर अवघडून म्हणाल्या, "तुमचं चांगलंच चालतं हो, पण पालकांना 'बंदूक' हा शब्दच ऐकवत नाही." महिनाभरात साठ मुलांची अकरा उरली. उरलेल्यांतली एक सोळा वर्षांची मुलगी, नऊ नंबरच्या लेनवरची, आपली रायफल गिटारच्या खोळीतून आणू लागली. बसमध्ये एका बाईंनी तिला "काहीतरी वाजवून दाखव ना" म्हटलं, तेव्हा हिने सांगितलं, "तार तुटलीय." आम्ही हसलो. मास्तर हसले नाहीत.

"म्हणजे आता खोटं बोलून खेळायचं," ते म्हणाले.

आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांनी सभेत क्लबाचं नाव बदलून 'एकाग्रता केंद्र' करावं असं सुचवलं. छर्ऱ्यांऐवजी प्रकाशकिरण सोडणाऱ्या रायफली आणायच्या, असंही.

"आवाज नाही, धोका नाही, तक्रार नाही. मास्तर, पुढचा जमाना त्याचाच आहे."

"असेल," मास्तर म्हणाले. "पण उजेडाला कोण घाबरणार, डॉक्टर? माझी मुलं आधी घाबरतात, मग शिकतात. हातात काय आहे हे कळलं म्हणूनच ती जपून असतात."

"माझ्याकडेही लोक घाबरतच येतात. पण येतात! आपल्याकडे आता कुणी येतच नाही."

मास्तर उठून रायफली कपाटात ठेवायला गेले.

मग समितीचं पत्र आलं. रहिवाशांनी विरोधाचा अर्ज दिला आहे, सुनावणी होईल, सुरक्षिततेबाबतचे सर्व पुरावे सादर करावेत. पत्र वाचून मास्तरांचा चेहरा किती दिवसांनी उजळला!

"पुरावेच हवेत ना? सत्तावीस वह्या आहेत आपल्याकडे."

वह्या त्यांच्या घरी, स्वयंपाकघरातल्या फडताळात, तेलाच्या डब्यांच्या वरच्या खणात असत. मी त्या आणायला गेलो तेव्हा त्यांची मुलगी आलेली होती. ती सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका आहे. दुकानातली माणसं आणली त्या दिवशी तिचीच ड्यूटी होती. तेव्हापासून ती वडिलांशी रेंजबद्दल बोलत नव्हती. एकदा मास्तर तिला एअर रायफल आणि पिस्तूल यांतला फरक सांगायला लागले तर ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला नका सांगू. मी ते धुतलंय." पुढे विषय निघाला नाही.

टेबलावर वह्यांचा ढीग पाहून तिने विचारलं, "हे बाहेर देणार?"

"मग? लपवायचं काय आहे त्यात?"

"त्यात चुका आहेत, बाबा."

"म्हणूनच तर!"

"बाहेरच्यांना तुमचं 'म्हणूनच तर' कळत नाही. आमच्या वॉर्डातली नोंदवही कुणी रस्त्यावर नेऊन वाचली तर उद्या एकही पेशंट आत पाऊल टाकणार नाही."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नीट मांडून दिलं तर कळतं. मी गोषवारा करून देतो."

आज वाटतं, तिथे तिचं ऐकायला हवं होतं. पण मी वाणिज्य शाखेचा माणूस. कागद नीट लावला की काम होतं, यावर माझा जन्मभराचा विश्वास. आठ दिवस बसून मी सगळ्या नोंदींची वर्गवारी केली. दोरा न घालणे, इतके. रायफलसह वळणे, इतके. आज्ञेनंतर छर्रा सुटणे, इतके. शेवटच्या रकान्यात दुखापत, सगळीकडे शून्य. तळाला ठळक अक्षरात बेरीज, एक हजार एकशे अठरा. पान इतकं सुबक झालं होतं की मास्तर दोनदा म्हणाले, "वा!"

सुनावणीच्या चार दिवस आधी ते पान वर्तमानपत्रात आलं. समितीच्या कचेरीतून कुणी दिलं ते कधीच कळलं नाही. मथळा होता, 'मुलांच्या हाती बंदुका : एकाच क्लबात १,११८ धोके'. दुखापतींचा रकाना बातमीत नव्हता.

त्या सकाळी मास्तर वर्तमानपत्र घेऊन माझ्या दारात उभे राहिले. पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले. "मी तपासली."

सुनावणीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला दवाखान्यात बोलावलं. एका वकिलाशी बोलून त्यांनी मार्ग काढला होता. मास्तरांनी एवढंच सांगायचं की या खऱ्या चुका नव्हत्या, सरावाच्या नोंदी होत्या. मुलांना लिहायची सवय लागावी म्हणून कल्पित चुका लिहून घ्यायचो.

"एका वाक्याचं काम आहे, मास्तर. आगीची कवायत करतात की नाही? तसंच समजायचं."

"आणि सह्या?"

"सह्यांचं काय?"

"पोरांनी रडत रडत केल्यात त्या."

"मास्तर," डॉक्टर आता हात जोडूनच बोलले, "रेंज राहिली तर पुढची पोरं येतील. गेली तर तुमची वहीही गेली आणि खरेपणाही गेला. कुणासाठी खरं बोलणार आहात?"

मास्तर दात उपटायच्या खुर्चीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. बोलतो."

जिना उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. यापूर्वी कधी घेतला नव्हता.

समितीच्या खोलीत लांब टेबल, सहा खुर्च्या, मागच्या बाकांवर रहिवासी. आमच्या वह्या टेबलावर ओळीने मांडलेल्या. अध्यक्षबाई शांत होत्या, आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी वह्या खरोखर वाचल्या होत्या, पानोपानी चिठ्ठ्या खोचल्या होत्या. मला उगाच आशा वाटली.

"या नोंदी कसल्या आहेत, ते तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या.

मास्तर उभे राहिले. "बाई, या... सरावाच्या..." आणि थांबले.

बाईंनी एक वही उघडली. "ही बघा. लेन चार. रायफल घेऊन मागे वळले. नळीत छर्रा होता. समोर बाबा होते. वय तेरा. हा सरावच का?"

बाकांवर कुजबुज झाली. डॉक्टर हळूच म्हणाले, "हो म्हणा."

"ही माझी मुलगी," मास्तर म्हणाले.

"मग सराव की खरं?"

"खरं, बाई." आवाज एकदम रेंजवरचा झाला. "सगळं खरं आहे. ती वळली, मी 'थांबा' म्हटलं, ती थांबली. मग आपण होऊन तिने लिहिलं. माझ्याकडे अकराशे अठरा वेळा चूक झाली आणि अकराशे अठरा वेळा कुणीतरी थांबलं. जिथे अशी वही नाही ना, तिथे चुका होत नाहीत असं समजू नका."

मागून एक गृहस्थ ओरडले, "म्हणजे अजून होणारच!"

"होणार," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षबाईंनी वही बंद केली, तिच्यावर तळवा ठेवला. "तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही," त्या म्हणाल्या. "पण होणार म्हणून तुम्हीच सांगितल्यावर मी सही कशी करू?"

निर्णय आठवड्याने आला. परवाना नाही. महिनाअखेर रेंज बंद. वह्या समितीच्या ताब्यात.

शेवटच्या शनिवारी अकरांपैकी सात मुलं आली. भिंतीवरचे फोटो उतरवले होते, तिथे फिकट चौकोन उरले होते. डॉक्टर आले नाहीत. मास्तरांची मुलगी मात्र आली, सामान बांधायला. आत आल्यावर ती सरळ मागच्या बाकावर जाऊन बसली, जिथे लहानपणी बसायची.

मास्तरांनी सगळं नेहमीसारखं केलं. कागद लावले, छर्ऱ्यांच्या डब्या मोजून दिल्या, नऊ नंबरवालीच्या कोपराखालची गादी सरळ केली. शेवटची फेरी सुरू झाली. एकेक जण संपवून, दोरा घालून मागे होऊ लागला. मास्तर भिंतीवरच्या फिकट चौकोनांकडे बघत होते. मग खिशात हात घालून, जणू घरातल्या एका खोलीतून दुसरीत जावं तसे, लेनमधून टार्गेटकडे चालू लागले.

नऊ नंबरवर अजून दोरा नव्हता. मुलीचा गाल रायफलीला टेकलेला, डोळा नेमात. मला दिसलं, मी खुर्चीतून उठलो.

"थांबा!"

मुलीने बोट उचललं. मास्तर एक पाय पुढे टाकलेल्या अवस्थेत जागच्या जागी थांबले. आवाज मागच्या बाकावरून आला होता. त्यांची लेक उभी होती, एक हात वर, अगदी बापासारखा.

नऊ नंबरवालीने रायफल ठेवली, दोरा घातला. मास्तर परत आले ते सावकाश, भिंतीला धरून. लेक बाकावर बसली होती. त्यांच्याकडे न बघता ती म्हणाली, "लिहा."

मास्तरांचा हात सवयीने टेबलाच्या खणाकडे गेला. खण रिकामा होता.

त्यांनी एक वापरलेला टार्गेटचा कागद ओढला आणि उलट्या बाजूला लिहिलं. तारीख. लेन नऊ. दोरा न बघता पुढे गेलो. खाली सही केली. एकतीस वर्षांत त्यांच्या नावाची ही पहिली नोंद. कागद त्यांनी लेकीपुढे धरला. तिने वाचला, आणि "थांबा कोण म्हणालं ते राहिलं" असं म्हणून पेन मागून घेतलं.

मग मास्तरांनी तो कागद माझ्या हातात दिला. "चिटणीस, हा लावून टाका."

कुठे लावणार? क्लबाची फाईल मी आदल्याच दिवशी बंद करून समितीकडे पाठवली होती. पण तसं मी बोललो नाही. "लावतो," म्हणालो. कागदाला मधोमध छर्ऱ्याचं एक भोक आहे. ते मोडू नये म्हणून मी घडी घातली नाही.