खाडीपलीकडून आलेली हाक

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. या सदरातले निम्मे किस्से वाचून मी हसतो, उरलेले अर्धवट सोडतो. त्यामुळे माझ्या हकिगतीला कोणी हसलं तर माझी ना नाही... फक्त पूर्ण वाचा.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. वडील रेल्वेत, त्यामुळे आम्ही कलकत्त्याला, गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, धाकटा आनंद कॉलेजात. घरात तो बाब्या. हे नाव बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यानं होऊही दिलं नसतं.

पूजेच्या सुट्टीत आम्ही दिघ्याला जायचं ठरवलं — पण बसनं नाही. जुनपुटपासून किनाऱ्याकिनाऱ्यानं, वाळूच्या टेकड्यांतून, पाठीवर हॅवरसॅक टाकून चालत. तेव्हा त्या वाटेवर ना रस्ता ना हॉटेल. नुसती वाळू, सुरूची झाडं आणि केवड्याची रानं. आईचा साफ विरोध होता. "समुद्र काय पळून चाललाय?" म्हणाली, पण पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिलीच.

खरगपूरपर्यंत वडिलांच्या पासवर गाडी, पुढे बस. जुनपुटच्या चहावाल्या म्हाताऱ्यानं आमचा अवतार बघून बजावलं, "केउ डाकले साडा देबेन ना, बाबू." वाळूत कोणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नका, तिसऱ्या हाकेपर्यंत थांबा, असं तिथले लोक मानायचे. बाब्या मला म्हणाला, "आपल्याकडे तिसरी हाक मारायला लावली तर पाठीत रट्टा बसतो!" खोटं नव्हतं. पहिल्या हाकेला ओ द्यायची आणि हातातलं टाकून समोर यायचं, हा आईचा दंडक होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक खाडी आडवी आली. भरती चढत होती, म्हणून सुरूच्या सावलीत बसलो. बाब्या बुटातली वाळू झटकत होता. तेवढ्यात—

"बाब्याऽऽ! अरे, मी आलेय रे... ये लवकर!"

आईचा आवाज. पलीकडच्या काठावरून. आणि त्या काठावर चिटपाखरू नव्हतं.

"ओ आई! आलोऽऽ!" म्हणत हा धावलासुद्धा. "थांब गाढवा, आई इथं कशी येईल?" मी ओरडलो. तो पाण्यापाशी थांबला. वळून माझ्याकडे बघत ओशाळं हसला. परत येणारच होता... आणि दुसरी हाक आली. "बाब्याऽ, इक—" मध्येच तुटली. कुणी तोंड दाबल्यासारखी, मागं नुसती घुसमट.

"आई!" म्हणून त्यानं उडी टाकली. मीही मागोमाग पाण्यात शिरलो. ओढीनं मला पुन्हा काठाला आणून टाकलं. त्याला नाही.

कोळ्यांनी मला नावेतून पलीकडे काढलं. दिघ्याहून तार गेली, आईवडील आले, आणि दोन दिवसांनी पोलिसांच्या जीपनं आम्ही खाडीच्या दिघ्याकडच्या काठावर पोचलो. बाब्या सापडला नव्हता. हाकेबद्दल मी कुणाला चकार शब्द बोललो नव्हतो. पाय घसरला, एवढंच सांगितलं होतं.

वडील जीपपाशी इन्स्पेक्टरशी बोलत राहिले. आई चपला टाकून पाण्याकडे गेली आणि जीव तोडून ओरडली, "बाब्याऽऽ! अरे, मी आलेय रे... ये लवकर!"

तेच शब्द. तोच सूर. आणि समोरच्या रिकाम्या टेकडीवरून स्वच्छ उत्तर आलं, "ओ आई! आलोऽऽ!"

आईचा चेहरा असा उजळला की मला आजही तो आठवायला नको वाटतो. ती पुन्हा हाक मारणार, हे मला कळलं. मला एकच सुचलं — ही हाक पलीकडे गेली नाही, तर तो उडी टाकणार नाही. मी झेप घेतली आणि तिचं तोंड दाबून धरलं.

"बाब्याऽ, इक—"

तेवढं निसटलंच. माझ्या तळव्याखाली ती घुसमटली आणि मला उमगलं, की त्या दिवशी हाक कुणी तोडली होती. पलीकडून "आई!" ऐकू आलं, मग पाण्याचा आवाज. पाणी मात्र हललंसुद्धा नाही.

वडिलांनी मला ओढून बाजूला केलं. त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. आई माझ्याकडे बघत म्हणाली, "त्यानं ओ दिली होती. तू मला बोलू दिलं नाहीस. तू मारलंस त्याला."

पुढं पुण्यात स्थायिक झाल्यावरही ती घरी येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगायची. लोक माझी समजूत काढायचे — दुःखानं बोलते, मनावर घेऊ नकोस. मी मान हलवायचो. उन्हाचा त्रास, प्रतिध्वनी, मनाचे खेळ, सगळं ताडून पाहिलं. एकही स्पष्टीकरण बसत नाही, आजही नाही.

शेवटच्या आजारपणात तिनं मला जवळ बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आवाज मऊ होता. "खरं सांग. त्याची ओ तूही ऐकलीस ना?"

ऐकली म्हटलं असतं, तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. तो तिच्याच हाकेला धावला हे, आणि ती हाक माझ्या हातानं तुटली म्हणून बुडाला हेही.

"नाही आई," मी म्हणालो. "तुला भास झाला."

ती छताकडे बघत म्हणाली, "म्हणजे मीच वेडी. उगाच तुला बोलत आले रे..." आणि माझी माफी मागून ती गेली.